करार आणि कंत्राट

समाज कशाच्या आधारावर उभा असतो आणि एका माणसाने दुसऱ्याची आज्ञा का पाळावी, हा प्रश्न फार जुना आहे. युरोपात सतराव्या शतकापर्यंत त्याचे रूढ उत्तर वरून येत असे. राजाला ईश्वराने नेमले म्हणून त्याचे ऐकावयाचे, धर्मगुरूला शास्त्राने अधिकार दिला म्हणून त्याच्यापुढे मान तुकवावयाची, आणि ज्या घरात जन्मलो त्या घराचे काम परंपरेने ठरवून दिले म्हणून ते निमूटपणे करावयाचे. आपल्याकडील उत्तरही ह्याहून फारसे निराळे नव्हते. ज्याला आपण प्रबोधनयुग म्हणतो त्या कालखंडातील विचारवंतांनी हे उत्तर बाजूस सारले. सत्तेचा उगम वर नसून खाली आहे, माणसांनी एकमेकांशी केलेल्या करारातून राज्य जन्मास येते, असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले. असा करार इतिहासात खरोखर झाला होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. करार ही त्यांच्या हाती एक कसोटी होती. कोणत्याही व्यवस्थेविषयी विचारावयाचे ते एवढेच, की ज्यांना ती पाळावी लागते त्यांनी मोकळ्या मनाने तिला संमती दिली असती काय?

ही कसोटी लावताना माणसाच्या स्वभावाविषयी काही गृहीत धरणे प्राप्तच होते, आणि तेथे ह्या विचारवंतांत तीव्र मतभेद होते. हॉब्जचा 'लेव्हायथन' १६५१ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडातील यादवी युद्धाची धग त्या ग्रंथाला लागलेली आहे. हॉब्जचा माणूस भयाने ग्रासलेला आहे. शेजाऱ्याच्या हातून मरण येईल ह्या भीतीपोटी तो आपले स्वातंत्र्य एका बलाढ्य सत्तेच्या स्वाधीन करतो. लॉकचा माणूस इतका घाबरट नाही. तो विवेकी आहे, उद्योगी आहे, आणि आपल्या श्रमाने मिळविलेली मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून तो शासन निर्माण करतो. शासनाने विश्वासघात केला तर ते मोडण्याचा अधिकारही राखून ठेवतो. रूसोला वाटे की माणूस मुळात निरागस आहे. त्याला बिघडविले ते विषमतेने आणि दुसऱ्याच्या नजरेत मोठे दिसण्याच्या हव्यासाने. तिघांची चित्रे तीन प्रकारची आहेत. परंतु एका गोष्टीवर तिघेही ठाम आहेत: निसर्गतः कोणी कोणाचा धनी नाही आणि कोणी कोणाचा दास नाही. जे काही धनीपण आणि दास्य जगात दिसते ते माणसांनी केलेले आहे, आणि म्हणूनच त्याचा जाब माणसांना विचारता येतो.

भिलाईतील वाचकाला हा विषय केवळ ग्रंथातला वाटण्याचे कारण नाही. ह्या गावात करार हा शब्द आणखी एका अर्थाने रोज उच्चारला जातो. येथे कामगारांच्या दोन जाती आहेत. एक कायम कामगार आणि दुसरा ठेक्यावरचा, म्हणजे कंत्राटी. पहिल्याचा करार पोलाद कारखान्याशी असतो. दुसऱ्याचा ठेकेदाराशी, आणि तोही बहुधा तोंडी. रूसोचा सामाजिक करार आणि ठेकेदाराचे कंत्राट ह्या दोहोंत शब्दसाम्यापलीकडे काही नाते आहे काय, आणि असल्यास ते प्रबोधनयुगाच्या विचाराविषयी काय सांगते, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

भिलाईचा जन्मच मुळी प्रबोधनयुगाच्या एका श्रद्धेतून झाला. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यानंतर चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. धानाच्या शेतांत दहा लक्ष टन पोलादाचा कारखाना आणि त्याच्या शेजारी काटकोनात आखलेले, सेक्टरांत विभागलेले एक संपूर्ण नगर उभे राहिले. परंतु योजकांना केवळ पोलाद हवे होते असे म्हणणे अपुरे होईल. त्यांना नवा माणूस हवा होता. तेलुगू, बंगाली, पंजाबी, मलयाळी, बिहारी, मराठी आणि छत्तीसगढी माणसे एकाच पाळीत काम करतील, एकाच सेक्टरात शेजारी राहतील, त्यांची मुले एकाच शाळेत जातील, आणि एका पिढीत जातीचा व प्रांताचा गंज झडून जाईल, अशी ती अपेक्षा होती. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, ही हेल्वेशियससारख्या अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंतांची शिकवण नेहरूंच्या भारतात विटा आणि सिमेंटच्या रूपाने अवतरली होती.

ही अपेक्षा सर्वस्वी फोल ठरली असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते त्या घरातील मुलगी येथे शिकून डॉक्टर झाली आहे. सेक्टर ९ चे रुग्णालय हे कामगाराचे हक्काचे रुग्णालय होते. कँटीनमधील पंगतीला जात विचारण्याची सोय नव्हती, आणि ज्यांच्या आज्यांनी परक्या हातचे पाणी घेतले नाही ती माणसे धगधगत्या भट्टीसमोर एका बाटलीतून पाणी प्याली. माणसाच्या स्वभावाचा म्हणून जो भाग आपण अटळ समजत होतो, त्यातील पुष्कळसा केवळ सवयीचा होता, एवढे भिलाईने निश्चित दाखविले.

तथापि ह्या नव्या नगराच्या पायाशीच एक प्रश्न पुरला गेला होता. कारखान्यासाठी ज्यांची शेते गेली त्यांनी हा करार केला होता काय? राष्ट्राचे हित हे सर्वांचे हित, आणि सर्वांच्या हितात तुमचेही आलेच, असे त्यांना सांगण्यात आले. रूसोची सार्विक इच्छा ती हीच. पण धानाचे शेत सोडणाऱ्या शेतकऱ्याला ती दिसली नाही. त्याला दिसली ती मोजणीची साखळी. त्या काळी आसपासच्या खेड्यांत अशी आवई होती की एवढे मोठे बांधकाम नरबळीवाचून उभे राहत नाही, आणि म्हणून मुले व एकटेदुकटे वाटसरू पळविले जातात. सुशिक्षितांनी हिला अडाण्यांची अंधश्रद्धा म्हटले, आणि श्रद्धा म्हणून ती खोटी होतीच. परंतु तिच्या आत दडलेला प्रश्न अडाणी नव्हता. ह्या भट्टीत कोणाचे आयुष्य जाणार आणि तिचा उजेड कोणाच्या घरात पडणार, हे त्या खेडुतांना विचारावयाचे होते. बुद्धिवादाने आवई खोडून काढली. प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही.

त्या प्रश्नाचे आजचे रूप म्हणजे कायम आणि ठेका हा भेद. १९८० च्या दशकात भिलाई कारखान्याच्या पटावर, खाणी धरून, साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. पुढे उत्पादन वाढत गेले आणि हा आकडा उतरत उतरत निम्म्याच्याही पुष्कळ खाली आला. काही कामे यंत्रांनी घेतली, आणि पुष्कळशी कंत्राटदारांच्या माणसांनी. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत वारंवार राहून येथील श्रमिकांचा अभ्यास केला. त्यांनी नोंदविलेला एक भेद भिलाईकराच्या कानाला अगदी परिचयाचा आहे: कायम कामगाराजवळ 'नोकरी' असते, ठेका मजुराजवळ नुसते 'काम' असते. मराठीतही हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांतील अंतर आपणांस समजावून सांगावे लागत नाही. नोकरीला पगार असतो, कामाला मजुरी. नोकरीत आजारपणाची रजा असते. कामात आजारी पडले की काम जाते. नोकरी मुलाच्या लग्नाच्या बोलणीत सांगता येते. काम सांगता येत नाही.

हा भेद कौशल्याचा आहे, अंगमेहनतीचा आहे, की लायकीचा आहे? ठेक्यावरची माणसे बहुधा अधिक उष्ण, अधिक धुळीची आणि अधिक जड कामे करतात. तेव्हा मेहनतीचा तर तो नव्हेच. वर्षानुवर्षे तेच काम करून कौशल्य त्यांच्याही हाती येते. राहिली लायकी. येथे ॲडम स्मिथची आठवण होते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तत्त्वज्ञ आणि रस्त्यावरचा हमाल यांची तुलना केली आहे. ह्या दोघांतील अंतर जन्मतः फार थोडे असते; सवय, रूढी आणि शिक्षण यांनी ते वाढत जाते, आणि अखेरीस तत्त्वज्ञाचा अहंकार कोणतेही साम्य मान्य करीत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्याला भांडवलशाहीचा आद्य पुरोहित म्हणून पुष्कळ लोक न वाचताच नमस्कार करतात किंवा शिव्या देतात, त्याचे हे मत आहे.

स्मिथचे म्हणणे भिलाईत डोळ्यांसमोर घडताना दिसते. दोन भाऊ एकाच घरात वाढले. एकाची भरती झाली, दुसऱ्याची झाली नाही. वीस वर्षांनी एकाची मुले इंग्रजी शाळेतून निघून अभियंता होण्याच्या वाटेवर आहेत, दुसऱ्याची मुले बापामागून ठेकेदाराच्या दारात उभी आहेत. आणि मग कायम कामगाराच्या ओसरीवर एक वाक्य ऐकू येते: ही ठेक्याची माणसे मुळातच तशी, आजचे उद्यावर टाकणारी, दारूत पैसा घालविणारी, कशाचीही चिंता नसणारी. आधी एका कागदाने दोन माणसांत अंतर पाडले आणि नंतर त्या अंतराला स्वभावाचे नाव मिळाले. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही त्याने उद्याची बेगमी करीत नाही म्हणून दोषी ठरावयाचे, हा न्याय मोठा चमत्कारिक आहे.

मराठी वाचकाला हा न्याय ओळखीचा वाटला पाहिजे, कारण जातिव्यवस्थेने हजारो वर्षे तोच दिला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवर जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात एक मार्मिक भेद दाखविला आहे. जात ही श्रमाची विभागणी आहे असे तिचे समर्थक म्हणतात. वस्तुतः ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची, असा त्यांचा मुद्दा आहे. भिलाईच्या नगररचनेने जुन्या पायऱ्या बऱ्याच अंशी झिजविल्या, हे आपण पाहिले. परंतु त्याच कारखान्याच्या फाटकाशी नव्या पायऱ्या तयार झाल्या. जुनी विभागणी जन्मावर होती, नवी पासाच्या रंगावर आहे. पण बापाचे स्थान मुलाकडे जाऊ लागले की ह्या दोहोंतील अंतर कितीसे उरते?

आता प्रबोधनयुगाच्या विचाराकडे परत वळू. ह्या विचारात सर्वांना समान मानणारी प्रतिज्ञा आहे. मग त्या विचारावर उभारलेल्या नगरात असे का व्हावे? त्याचे एक उत्तर असे देतात की प्रतिज्ञा चांगली होती, अंमलबजावणी चुकली. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरते नाही. दोष काही अंशी मूळ विचारातच आहे, आणि तो लॉकच्या एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. माणूस निसर्गातील वस्तूत आपला श्रम मिसळतो आणि म्हणून ती वस्तू त्याची होते, हा लॉकचा मालकीविषयीचा प्रसिद्ध सिद्धांत. हा सिद्धांत मांडताना तो आपल्या घोड्याने खाल्लेल्या गवताचा, स्वतः खणलेल्या खनिजाचा आणि आपल्या नोकराने कापलेल्या मातीच्या ढेपांचा एकत्र उल्लेख करतो आणि म्हणतो की हे सर्व माझे झाले. ढेपा कापल्या नोकराने, मालकी झाली धन्याची. ज्याच्या श्रमाने मालकी निर्माण होते त्याचीच मालकी, ह्या नियमातून नोकर एका ओळीत बाहेर पडला, आणि लॉकला त्यात विसंगती जाणवली नाही. तो नोकर कराराचा पक्षकार नव्हता. तो कराराच्या अलीकडेच कोठेतरी, घोड्याच्या शेजारी उभा होता.

ह्या विचारपरंपरेतील खरा तंटा माणूस चांगला की वाईट हा नव्हेच. खरा तंटा आहे तो पक्षकारांच्या यादीचा. माणूस म्हणून कोणाकोणाला मोजावयाचे? त्या यादीत स्त्रिया बहुधा नव्हत्या. वसाहतींतील काळी माणसे नव्हती. आणि ज्याच्याजवळ श्रमाखेरीज विकण्यासारखे काही नाही तो मजूर उंबरठ्यावर होता. रूसोला ह्याची जाणीव होती. त्याने समतेची जी मर्यादा सांगितली तीत सर्वांची संपत्ती सारखी असावी असा आग्रह नाही. कोणा नागरिकाच्या हाती दुसऱ्याला विकत घेण्याइतके बळ नसावे आणि कोणावर स्वतःस विकण्याची पाळी येऊ नये, एवढेच त्याचे मागणे आहे. ह्याचा अर्थ असा की करार करण्यापूर्वी माणसाला नाही म्हणता आले पाहिजे. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ नाही त्याचे होय हे संमती नव्हे.

कांटने हीच गोष्ट नीतीच्या भाषेत मांडली. १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने वस्तूंना मोल असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते असा भेद केला. ज्याला मोल आहे त्याच्या जागी त्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते; ज्याला प्रतिष्ठा आहे त्याला बदली नसते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचा नियम ह्यातूनच येतो. 'केवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारखाना कामगाराला साधन म्हणून वापरणारच. कामगारही कारखान्याला आपल्या निर्वाहाचे साधन मानतो, आणि त्यात काही अनीती नाही. परंतु ठेक्याची सारी युक्ती अशी आहे की तीत माणसाच्या जागी दुसरा माणूस ठेवणे शक्य तितके सोपे व्हावे. कारखान्याला त्याचे नाव माहीत असण्याची गरज नाही. ठेकेदाराने अमुक इतकी माणसे पुरविली की झाले. ज्या व्यवस्थेत माणूस संख्या म्हणून फाटकातून आत जातो ती त्याला मोल देते, प्रतिष्ठा देत नाही.

मराठी मुलखात प्रबोधनयुगाचा विचार आला तेव्हा ही पक्षकारांची यादीच प्रथम वाचली गेली, हे आपण अभिमानाने सांगावे असे आहे. जोतीराव फुल्यांनी १८४७ साली टॉमस पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला. पेन राजा आणि प्रजा यांच्याविषयी लिहीत होता. जोतीरावांनी तोच प्रश्न शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांच्या बाजूने विचारला, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो प्रश्न मुंबईच्या गिरणीच्या फाटकाशी नेला. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवारची सुट्टी ही आज आपणांस निसर्गनियमासारखी वाटते. ती मागून मिळवावी लागली होती. हॉब्ज, लॉक, रूसो यांचा करार पुण्याच्या वाड्यावस्तीतून परळच्या चाळीपर्यंत पोचला तो ह्या माणसांच्या हातून.

भिलाईत हे काम ज्याने केले त्याचे नाव शंकर गुहा नियोगी. १९६० च्या दशकात हा बंगाली तरुण भिलाईच्या कोक ओव्हन विभागात कामाला होता. संघटनेच्या कामापायी त्याची नोकरी गेली. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो ठेका मजूर हाताने खनिज फोडीत असत. १९७७ साली त्यांनी कायम कामगारांच्या संघटनांपासून वेगळी अशी आपली संघटना स्थापिली आणि नियोगी तिचे नेते झाले. त्याच वर्षी जूनच्या प्रारंभी झालेल्या गोळीबारात अकरा माणसे मेली. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी १९८३ साली आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. संघर्ष आणि निर्माण ही जोडी नियोगी नेहमी एकत्र उच्चारीत. दारूविरुद्ध त्यांनी उभारलेली मोहीमही ह्याच दृष्टीने पाहिली पाहिजे. ठेका मजूर स्वभावतःच व्यसनी असतो, असे जे म्हटले जात होते त्याला त्यांनी वादाने उत्तर दिले नाही. मजुरी वाढली, संघटनेचे बळ पाठीशी आले, आणि त्याच माणसांनी आपली दारू आपण बंद केली. कांटने १७८४ सालच्या एका निबंधात प्रबोधन म्हणजे माणसाने स्वतःवर लादून घेतलेल्या अज्ञानदशेतून बाहेर पडणे, अशी व्याख्या केली होती. ती राजहऱ्याच्या मजुराने वाचलेली नव्हती. पण दुसऱ्याच्या आधारावाचून आपली बुद्धी चालविण्याचे धैर्य म्हणतात ते हेच.

१९९० नंतर नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील मजुरांचा प्रश्न हाती घेतला. मागण्या क्रांतिकारक नव्हत्या: जगण्यापुरती मजुरी, कामाची शाश्वती, संघटना करण्याची मुभा. ह्यांपैकी बहुतेकांना कायद्याचा आधार होताच. १९९१ च्या सप्टेंबरात ते कामगारांचे निवेदन घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींकडे गेले. कराराचा एक पक्ष दुसऱ्या पक्षाला त्याच्या वचनाची आठवण करून देण्यासाठी गेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाईतील आपल्या घरात झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. पुढच्या वर्षी १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाशी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सोळा कामगार मृत्यू पावले. खुनाच्या खटल्यात दुर्गच्या न्यायालयाने १९९७ साली उद्योगपतींसह सहा जणांना दोषी धरले. उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकाला जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. हॉब्ज म्हणाला होता की जीविताच्या रक्षणासाठी माणूस राज्य निर्माण करतो. राज्याकडे निवेदन घेऊन जाणाऱ्या माणसाला ते रक्षण मिळाले नाही, एवढे तरी म्हणावेच लागते.

ह्यावर दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. सार्वजनिक कारखाना हा जनतेच्या पैशावर चालतो. सर्वांना कायम केले तर पोलाद महाग होईल, कारखाना बाजारात टिकणार नाही, आणि मग कायम व ठेका दोघेही घरी बसतील. शिवाय शाश्वती मिळालेला माणूस नेहमीच अधिक मन लावून काम करतो असेही नाही. पाळीला येऊन हजेरी लावून निघून जाणाऱ्यांच्या कथा भिलाईत कोणाला ठाऊक नाहीत? हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याने सिद्ध काय होते ते पाहू. कायम कामगाराने कामचुकारपणा केल्यास त्याला जाब विचारावा, हे सिद्ध होते. त्याच्या आळसाचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाने निम्म्या मजुरीवर भरावा, हे सिद्ध होत नाही. कारखान्याने काटकसर करावी, हेही सिद्ध होते. पण ती नेहमी ज्याचा आवाज सर्वांत क्षीण त्याच्याच ताटातून का सुरू व्हावी, ह्याचे उत्तर त्यात नाही.

कायद्याने ह्या प्रश्नाला हात घातला होता. १९७० च्या कायद्यात कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी मजूर लावण्यास बंदी करण्याचा अधिकार शासनाला दिला होता. आणि मजूर कारखान्याच्या कामगारासारखेच काम करीत असेल तर त्याला तेवढीच मजुरी द्यावी, असे त्याखालील नियमांत म्हटले होते. परंतु बंदी झाली तर त्या मजुराचे पुढे काय? भिलाई ज्या स्टील ॲथॉरिटीची आहे तिच्याच एका खटल्यात, कलकत्त्याच्या मजुरांच्या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००१ मध्ये निर्णय दिला, की अशा बंदीमुळे मजूर आपोआप मूळ कारखान्याचा कामगार होत नाही. ठेका हा केवळ मुखवटा आहे असे सिद्ध झाले तरच तो होतो. एरवी पुढील भरतीत त्याला प्राधान्य मिळावे. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावला, आणि ते त्याचे कामच होय. पण नीतीच्या दृष्टीने प्रश्न शिल्लकच राहिला. ज्याच्या भट्टीसमोर माणूस वीस वर्षे उभा राहिला तो त्याचा कोणी नव्हे, असे कोणत्या मोकळ्या मनाच्या माणसाने मान्य केले असते?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी बजावले होते, की राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत आणि ती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल. भिलाईत मतदानाच्या रांगेत कायम आणि ठेका एकामागे एक उभे असतात. तेथे पासाचा रंग कोणी पाहत नाही. कारखान्याच्या फाटकाशी तो पाहिला जातो. ही दोन दारे एकाच गावात, एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

हॉब्जने समतेचा जो आधार सांगितला तो फार उदात्त नाही. सर्वांत दुबळा माणूसही सर्वांत बलवानाला मारू शकतो, म्हणजे मरणाच्या बाबतीत सर्व सारखे, म्हणून सर्व समान. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात विषारी वायू पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. वायूने कोणाचा हुद्दा विचारला नाही. निसर्गाची समता ही अशी, शेवटच्या क्षणी येणारी आहे. तिच्या आधी, माणसे जिवंत असताना, जी समता हवी ती निसर्ग देत नाही. ती करारानेच द्यावी लागते, आणि त्या करारावर प्रत्येकाची सही घ्यावी लागते. कोणत्याही शासनाची आणि कोणत्याही कारखान्याची नीती पारखावयाची असेल तर उत्पादनाचे आकडे जरूर वाचावेत. पण त्याआधी तेथील सर्वांत खालच्या मजुराला नाही म्हणण्याची सोय आहे काय, हे पाहावे. ती सोय नसेल तर त्याच्या स्वभावाविषयी आपण जे काही बोलू ते अवेळी बोललेले असेल.